अंगावरून जाणारे पिवळसर पाणी, ट्रायकोमोनास आणि अर्धवट राहणारा उपचार

प्रश्न : माझे वय ३४ आहे, लग्नाला अकरा वर्षे झाली. गेली दीड-दोन वर्षे अंगावरून पिवळसर, वास येणारे पाणी जाते, खाज सुटते आणि लघवीला जळजळते. औषधाने महिना-दोन महिने बरे वाटते, मग पुन्हा तेच सुरू होते. या वेळी डॉक्टरांनी आतून तपासून पाणी काचपट्टीवर घेतले आणि ‘ट्रायकोमोनास व्हजायनालिस’ असा रिपोर्ट आला. हा लैंगिक संबंधातून होणारा आजार आहे असे कळल्यापासून घरात संशयाचे वातावरण आहे. पतींना काहीच त्रास नाही आणि ते औषध घ्यायला तयार नाहीत. हे नक्की कोणाकडून आले? टॉवेल किंवा शौचालयातून आले असेल का? माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला धोका आहे का? नात्यातल्या एका बाईंनी पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे, तो ऐकावा का?

उत्तर : तुमच्या रिपोर्टवर ज्या जीवाचे नाव आहे तो औषधाने पूर्णपणे जाणारा आहे. तरीही तो दोन वर्षे तुमचा पिच्छा सोडत नाही, याचे सर्वांत संभाव्य कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे: औषध फक्त तुम्ही घेत आहात. स्त्रीची तक्रार ऐकायची, तिच्या हाती गोळ्यांची पट्टी द्यायची आणि तिच्या जोडीदाराची चौकशीही न करता तिला घरी पाठवायचे, ही आपल्याकडची रीत या आजाराला फारच सोयीची ठरते, आणि त्यात घरांइतकाच दवाखान्यांचाही वाटा आहे.

ट्रायकोमोनास व्हजायनालिस हा जिवाणू नाही आणि बुरशीही नाही. तो एकपेशीय परजीवी आहे. आल्फ्रेड दोने या फ्रेंच डॉक्टरांनी १८३६ साली पॅरिसमध्ये स्त्रियांच्या योनिस्रावात तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. त्याची लांबी साधारणपणे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशीएवढी असते. पुढच्या टोकाला चार बारीक तंतू आणि अंगालगत थरथरणारा एक पडदा असतो, आणि त्यांच्या जोरावर तो झटके देत पोहत राहतो. आमांश करणारा अमिबा शरीराबाहेर टिकण्यासाठी स्वतःभोवती कवच तयार करतो. ट्रायकोमोनासला तसे टिकाऊ कवच करता येत नाही, त्यामुळे कोरडे पडताच तो मरतो. माणसाखेरीज त्याला दुसरा नैसर्गिक आश्रय नाही. स्त्रीच्या शरीरात तो योनीमार्गात, मूत्रमार्गात आणि योनीमुखाजवळच्या ग्रंथींमध्ये राहतो. पुरुषाच्या शरीरात मूत्रमार्गात आणि कधीकधी प्रोस्टेट ग्रंथीत. मूत्रमार्गाचा हा उल्लेख लक्षात ठेवावा, कारण उपचार कुठे फसतो ते त्यावरून कळते.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू आम्लता राखून असतात आणि तेथील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) सहसा ४.५ च्या खाली असतो. ट्रायकोमोनास या जिवाणूंना गिळतो, अस्तराच्या पेशींना चिकटून त्यांची हानी करतो आणि त्यांच्यातूनच आपले पोषण मिळवतो. आम्लता घटते, दाह सुरू होतो आणि स्राव वाढतो. पाळीच्या रक्तातील लोह त्याला मानवते, म्हणून अनेक स्त्रियांचा त्रास पाळीच्या आगेमागे उफाळतो आणि मग ‘पाळी नीट होत नाही म्हणून पाणी जाते’ असा उलटा निष्कर्ष काढला जातो.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १५ कोटी ६० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. विषाणूंमुळे होणारे आजार वगळले तर लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांत याचाच क्रमांक पहिला लागतो. तरीही क्षयाप्रमाणे त्याची सक्तीची नोंद होत नाही आणि परमा किंवा गरमीसारखे लोकांच्या तोंडी त्याचे नावही नाही. आपल्या मुलखापुरते बोलायचे तर डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी कधीही आतून तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. योनीमार्गाचे संसर्ग त्या यादीत ठळकपणे होते. पांढरे पाणी जाणे हा बाईच्या जन्माचाच भाग आहे असे मानून ते अंगावर काढण्याची सवय तेव्हापासून कमी झाली असली तरी गेलेली नाही, आणि शहरात ती नसते असेही नाही.

तुम्ही सांगितलेली लक्षणे या आजाराला जुळणारी आहेत. पिवळसर किंवा हिरवट, पातळ, कधी फेसाळ स्राव, वास, खाज, लघवीची जळजळ आणि संबंधाच्या वेळी दुखणे हे त्याचे पाठ्यपुस्तकी वर्णन. लघवीच्या जळजळीमुळे कित्येक स्त्रिया आधी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पितात, मग लघवीच्या संसर्गाची प्रतिजैविके घेतात, आणि दोन्हींनी गुण येत नाही. मात्र केवळ रंगरूपावरून निदान करणे धोक्याचे आहे. बुरशीच्या संसर्गात स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट असतो, खाज प्रचंड असते आणि वास जवळपास नसतो. जिवाणूंचे संतुलन बिघडल्याने होणाऱ्या आजारात करडा-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास असतो, पण आग किंवा खाज फारशी नसते. प्रत्यक्षात मात्र यांपैकी दोन प्रकार एकाच स्त्रीत एकत्र सापडणे अगदी नेहमीचे आहे. गर्भाशयमुखावर लाल ठिपके दिसणे ही ट्रायकोमोनासची खास खूण म्हणून विद्यार्थ्यांना शिकवली जाते, परंतु नुसत्या डोळ्यांनी ती शंभरातल्या दोन-तीन रुग्णांतच दिसते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये तर अस्तर पातळ झाल्यामुळे होणारी आग आणि हा संसर्ग यांत सहज गफलत होते. या वयात लैंगिक आजार कुठून असणार, असे गृहीत धरून तपासणीच केली जात नाही.

आणि मुख्य म्हणजे, लागण झालेल्या सुमारे ७० टक्के व्यक्तींना काहीच जाणवत नाही. पुरुषांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. काहींना लघवीच्या मार्गात किंचित खाज, सकाळी एखादा थेंब स्राव किंवा वीर्यपतनानंतर थोडी जळजळ एवढेच जाणवते, आणि तेही आपोआप थांबते. बाधित स्त्रियांच्या पुरुष जोडीदारांची तपासणी करणारा एक अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० टक्के जोडीदारांमध्ये परजीवी सापडला आणि त्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना कोणतीही तक्रार नव्हती. ‘मला काही त्रास नाही’ हे तुमच्या पतींचे म्हणणे त्यामुळे खरे असू शकते. मात्र त्यावरून त्यांना संसर्ग नाही असे ठरत नाही.

तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे त्याबद्दल अधिक बोलले जायला हवे. तुमची झाली ती काचपट्टीची तपासणी, म्हणजे स्रावाचा थेंब सलाइनमध्ये मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. ती स्वस्त आहे, पाच मिनिटांत होते, आणि तडफडत पोहणारा परजीवी एकदा दिसला की शंकेला जागा उरत नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अडचण उलट्या बाजूची आहे. ही तपासणी साधारण निम्म्या रुग्णांतच संसर्ग पकडते, कारण परजीवी जिवंत आणि हलता असेल तरच ओळखू येतो. नमुना थंड झाला, वाळला किंवा तासभर पडून राहिला की तो निपचित होतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत हरवून जातो. तालुक्याच्या दवाखान्यात घेतलेला नमुना संध्याकाळच्या गाडीने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला, तर ‘ट्रायकोमोनास आढळला नाही’ या शब्दांना फारसा अर्थ राहत नाही. तुमचे यापूर्वीचे रिपोर्ट कदाचित असेच निर्दोष आले असतील. परजीवीची जनुकीय सामग्री शोधणारी पीसीआर पद्धतीची तपासणी यापेक्षा कितीतरी अचूक आहे. तिला जिवंत परजीवी लागत नाही, स्त्रीच्या स्रावावर ती उत्तम चालते आणि पुरुषाच्या लघवीच्या पहिल्या धारेवरही करता येते. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ती लैंगिक आजारांच्या एकत्रित चाचणीचा भाग म्हणून मिळते. खर्च बराच येतो, त्यामुळे जिथे काचपट्टीवर उत्तर मिळाले आहे तिथे ती करण्याचा मी आग्रह धरत नाही.

आता घरातल्या संशयाबद्दल. रुग्णांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच असतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा ५ ते २८ दिवस जातात, पण अनेकांना ती दिसतच नाहीत, आणि स्त्रीच्या शरीरात हा परजीवी महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. पुरुषाच्या मूत्रमार्गातून तो अनेकदा काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो, मात्र नेहमी नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आज आलेला रिपोर्ट लागण आज झाली की लग्नापूर्वी, हे सांगू शकत नाही. दुसरी, पतींची तपासणी निर्दोष आली तरी त्यावरून ‘म्हणजे हिनेच आणला’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण पुरुषाकडून स्त्रीला लागण होऊन नंतर त्याच्या शरीरातून परजीवी गेलेला असू शकतो. विश्वासाचे प्रश्न असतील तर ते पती-पत्नींनी एकमेकांशी बोलून सोडवावेत. या रिपोर्टला साक्षीदार म्हणून उभे करू नये. जोडीला समजावताना मी आधी उपचार पूर्ण करण्याचा करार करून घेते आणि बाकीच्या चर्चेसाठी त्यांना समुपदेशकाकडे पाठवते, कारण भांडण मिटण्याची वाट पाहत औषध लांबवले तर दोघांचेही नुकसान होते.

टॉवेल, शौचालयाचे भांडे, पोहण्याचा तलाव, धोब्याकडचे कपडे यांवर बोट ठेवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. ओल्या कापडावर हा परजीवी काही काळ जिवंत राहू शकतो हे खरे, परंतु अशा वस्तूंमधून लागण होणे इतके दुर्मीळ आहे की प्रौढ व्यक्तीत त्याचा विचार करण्यात वेळ घालवू नये. संसर्ग पसरतो तो लिंग-योनी संबंधातून, आणि दोन स्त्रियांमधील जननेंद्रियांच्या संपर्कातून, किंवा एकीने वापरलेले साधन दुसरीने न धुता वापरल्याने. चुंबन, एकत्र जेवण, एका अंथरुणावर झोपणे यांतून तो पसरत नाही. तुमच्या मुलीला तुमच्यासोबत एका घरात राहिल्याने धोका नाही. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत एवढे साधे पथ्य पुरे. प्रसूतीच्या वेळी आईकडून नवजात मुलीला संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत, पण आईच्या संप्रेरकांचा प्रभाव ओसरताच तो बहुधा टिकत नाही. याउलट, या वयाच्या मुलीत कधी ट्रायकोमोनास सापडलाच तर ‘टॉवेलमधून आला असेल’ असे म्हणून विषय संपवता येत नाही. तिथे लैंगिक अत्याचाराची शक्यता धरूनच पुढे जावे लागते, आणि तसा संशय आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती देणे डॉक्टरांवरही बंधनकारक आहे.

उपचाराचा पाया एकाच गटातील औषधांवर उभा आहे: मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल. मेट्रोनिडाझोल १९६० च्या सुमारास वापरात आले, आणि त्यापूर्वी या आजारावर योनीमार्गात ठेवायच्या पावडरी आणि धुण्याची द्रावणे यांपलीकडे फारसे काही नव्हते. परजीवीच्या पेशीत ऊर्जा तयार करणारी एक वेगळीच यंत्रणा असते. औषध तिथे पोहोचले की ते सक्रिय होते आणि परजीवीच्या डीएनएची मोडतोड करते. माणसाच्या पेशीत ती यंत्रणा नसल्यामुळे आपल्याला त्याचा उपद्रव कमी होतो. गंमत अशी की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ही गोळी जुलाबाची म्हणून ओळखीची आहे आणि फराळाच्या डब्याइतकी सहज हाताशी असते. त्यामुळे पोट बिघडले की दोन गोळ्या घेऊन बंद करायची सवय इथेही लागू होते: खाज थांबली की तिसऱ्या दिवशी पट्टी बाजूला पडते.

स्त्रियांसाठी सध्याची पहिली पसंती सात दिवसांचा कोर्स ही आहे: मेट्रोनिडाझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आपल्याकडे ४०० मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि तीच चालते. पूर्वी २ ग्रॅमचा एकच डोस सर्वांना दिला जाई आणि अजूनही अनेक ठिकाणी दिला जातो. मात्र अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत महिन्याभराने एका डोसच्या गटातील १९ टक्के स्त्रियांमध्ये संसर्ग आढळला, तर सात दिवसांच्या गटात ११ टक्के. एवढा फरक मला तरी दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही, विशेषतः तुमच्यासारख्या वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीत. पुरुषांसाठी मात्र २ ग्रॅमचा एक डोस, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या एकदम, हीच शिफारस आजही आहे; टिनिडाझोल २ ग्रॅम हाही पर्याय आहे. कोणते औषध आणि किती, हे तुमच्या आणि पतींच्या इतर औषधांची माहिती घेऊन तुमच्या डॉक्टरांनी ठरवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांत मेट्रोनिडाझोलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, यकृताच्या आजारात मात्रा बदलावी लागते, आणि फिट येणाऱ्यांबाबतही विचार करावा लागतो.

योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या आणि मलमे यांवर एकट्याने विसंबू नये. बुरशीवरच्या क्लोट्रिमाझोलने खाज तात्पुरती शमते, आणि मेट्रोनिडाझोलची जेलसुद्धा योनीमार्गापुरतीच पोहोचते. मूत्रमार्गात आणि ग्रंथींत दडलेले परजीवी तसेच राहतात आणि काही आठवड्यांत पुन्हा पसरतात. तुमच्या ‘महिना-दोन महिने बरे वाटते’ या अनुभवाचा अर्धा उलगडा इथे होतो. औषधाच्या दुकानात तीन प्रकारच्या गोळ्यांचे एकत्र किट चिठ्ठीशिवाय मागून घेण्याची पद्धतही वाढली आहे. त्यात योग्य औषध असते हे मान्य, पण ते एका डोसचे असते, निदान होत नाही आणि जोडीदार पुन्हा बाहेरच राहतो. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी जी मोफत सेवा आहे तिथे योनिस्रावाच्या तक्रारीवर हिरव्या रंगाचे किट देतात. त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असते. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे लक्षणांवरून असा उपचार करणे शहाणपणाचेच आहे. मात्र बुरशी आणि जिवाणूंचे असंतुलन यांत जोडीदाराला सरसकट औषध देण्याची पद्धत आजवर नसल्यामुळे अशा उपचारात त्याचा मुद्दा मागे पडतो, आणि नेमका तोच ट्रायकोमोनासमध्ये कळीचा असतो. म्हणून तुमच्या हातातला नावानिशी रिपोर्ट मोलाचा आहे. तो जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवा.

औषध चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, अन्नावरची वासना उडते आणि लघवी गडद होते. यांतले काहीही घाबरण्यासारखे नाही. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे किंवा अंगावर पुरळ उठणे असे झाल्यास मात्र औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे. एकदम घेतलेला डोस तासाभरात उलटून पडला तर तो वाया गेला असे समजून डॉक्टरांना विचारावे. मद्याबद्दल जुन्या पुस्तकांत आणि वेष्टनांवर कडक इशारा असतो. त्यामागचा पुरावा कच्चा असल्याचे अलीकडे दिसून आले आहे आणि अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी मेट्रोनिडाझोल घेताना मद्य वर्ज्य करण्याची अट काढली आहे. तरी मळमळ होत असताना मद्य टाळलेलेच बरे. फक्त ‘या आठवड्यात कार्यक्रम आहे, पुढच्या आठवड्यात घेऊ’ म्हणत औषधच लांबवण्याचे ते निमित्त होऊ नये. गर्भनिरोधक गोळ्यांवर मेट्रोनिडाझोलचा परिणाम होत नाही आणि तांबी बसवलेली असल्यास ती काढावी लागत नाही.

गर्भवती वाचकांसाठी एक वेगळी सूचना. या संसर्गाचा संबंध मुदतपूर्व प्रसूती, पाणमोट लवकर फुटणे आणि कमी वजनाचे बाळ यांच्याशी आढळला आहे, आणि त्रास असणाऱ्या गर्भवतीने मेट्रोनिडाझोल घ्यावे. त्यामुळे बाळात व्यंग निर्माण होते असे दिसलेले नाही. टिनिडाझोल मात्र गरोदरपणात टाळतात. काहीच त्रास नसलेल्या गर्भवतींना मोठ्या मात्रेत औषध देऊन मुदतपूर्व प्रसूती टाळण्याचा प्रयत्न अमेरिकेतील एका चाचणीत झाला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत फायदा दिसला नाही, उलट औषध घेणाऱ्या गटात अशा प्रसूती अधिक झाल्या. त्यामुळे या बाबतीत स्वतःहून गोळी घेणे नको. स्तनपान करणाऱ्या मातेला सात दिवसांचा कोर्स सहसा देता येतो. एकदम मोठा डोस घ्यायचा झाल्यास काही तास दूध काढून टाकण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

आता पती. त्यांना तपासणीची सक्ती करण्याची गरज नाही, कारण रिपोर्ट काहीही आला तरी औषध द्यायचेच असते. औषध दोघांनी एकाच दिवशी सुरू करावे. तुमचा सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत, त्यांनी डोस घेतल्यावर किमान आठवडा उलटेपर्यंत आणि दोघांचाही त्रास थांबेपर्यंत संबंध ठेवू नयेत. ‘ज्याला दुखत नाही त्याने गोळी का घ्यावी’ हा युक्तिवाद अनेक पुरुष करतात. त्यांना मी वर सांगितलेला, बाधित स्त्रियांच्या जोडीदारांबद्दलचा ७० टक्क्यांचा आकडा सांगते, आणि त्याने भागले नाही तर एवढेच विचारते की दर दोन महिन्यांनी पत्नीला दवाखान्यात आणण्यापेक्षा एका दिवसाच्या गोळ्या सोप्या नाहीत का. पती येण्यास संकोचत असतील तर त्यांनी सरकारी रुग्णालयातील समुपदेशकाला एकट्याने भेटावे. नाव गुप्त ठेवले जाते, आणि १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून जवळच्या केंद्राची माहिती मराठीतूनही घेता येते. गेल्या काही महिन्यांत दोघांपैकी कोणाचा आणखी कोणाशी संबंध आला असेल तर त्या व्यक्तीलाही उपचार मिळायला हवा. हे वाक्य मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही.

पिशवी काढण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका. परजीवीचा मुक्काम योनीमार्गात आणि मूत्रमार्गात असतो, गर्भाशयात नव्हे. त्यामुळे गर्भाशय काढल्यावरही तो जिथे होता तिथेच राहतो, पाणी जाणेही थांबत नाही, आणि ३४ व्या वर्षी मोठ्या शस्त्रक्रियेचे परिणाम मात्र आयुष्यभर सोबत येतात. हे मी काल्पनिक भीतीने लिहीत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या अनेक स्त्रियांची मूळ तक्रार अंगावरून पाणी जाणे, पोटात दुखणे अशीच होती. फडावर ना न्हाणीघर, ना सुट्टी, ना जोडीदारासह उपचार घेण्याची सोय. तिथे ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढे एक वाक्य पुरेसे ठरत असे. ट्रायकोमोनास ही कर्करोगाची खूण नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू आहे, आणि त्यासाठीची पॅप किंवा एचपीव्ही चाचणी तुमच्या वयात स्वतंत्रपणे करून घ्यावी. शक्य असल्यास संसर्ग बरा झाल्यावर, कारण दाहामुळे पॅपचा रिपोर्ट संदिग्ध येऊ शकतो.

याच भेटीत दोघांनी एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बी यांच्या रक्ततपासण्या कराव्यात, आणि सोय असेल तर गोनोरिया व क्लॅमिडिया यांच्याही चाचण्या कराव्यात. एका मार्गाने येणारे आजार जोडीने येऊ शकतात एवढेच त्यामागचे कारण नाही. ट्रायकोमोनासमुळे अस्तराला सूज येते, बारीक इजा होतात आणि एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना सात दिवसांचाच कोर्स द्यावा, यावर मतभेद नाहीत.

प्रतिबंधासाठी लस नाही. निरोध प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून वापरल्यास धोका बराच घटतो. पूर्ण जात नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या भागाचाही संपर्क येतोच. तांबी, गोळ्या किंवा नसबंदी यांनी गर्भधारणा टळते, संसर्ग नाही, ही गोष्ट शस्त्रक्रिया झालेल्या जोडप्यांना कोणी सांगत नाही. योनीमार्गाच्या आत पाणी, डेटॉल, साबण किंवा सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ घालून धुणे थांबवा. त्याने उपकारक जिवाणू धुतले जातात आणि संसर्गाची शक्यता वाढते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. पाळीतले कापड उन्हात वाळवणे, सुती आतले कपडे वापरणे या गोष्टी आरोग्याला चांगल्याच आहेत, पण त्या न पाळल्यामुळे तुम्हाला ट्रायकोमोनास झाला असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नका.

उपचार संपल्यावर लगेच पुन्हा तपासणी करण्याची घाई नको. पीसीआर तपासणी मेलेल्या परजीवीचे अवशेषही दाखवते, म्हणून ती किमान तीन आठवडे तरी करू नये. मात्र तीन महिन्यांच्या आत, अगदी काही त्रास नसला तरी, एकदा तपासून घ्यावेच, कारण या काळात पुन्हा लागण झालेल्या स्त्रियांची संख्या मोठी असते. दोघांनी औषध पूर्ण घेतले, मधल्या काळात संबंध आला नाही, आणि तरीही परजीवी सापडला, तरच औषधाला न जुमानणाऱ्या परजीवीचा विचार करायचा. अशी प्रकरणे असतात, पण थोडी. मेट्रोनिडाझोलला काही प्रमाणात दाद न देणारे परजीवी परदेशांतील पाहण्यांत साधारण ४ ते १० टक्के आढळले आहेत, आणि तो प्रतिकार बहुधा सौम्य असल्यामुळे वाढवलेल्या मात्रेने मोडतो. तेव्हा मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल रोज २ ग्रॅम असे सात दिवस देतात. ही मात्रा मोठी असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील स्त्रीरोग किंवा त्वचा व गुप्तरोग विभागात जाणे सोयीचे पडेल, आणि जाताना या दोन वर्षांतल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, म्हणजे कोणते औषध किती दिवस आणि कोणी घेतले, हे तेथील डॉक्टरांना आधी पाहता येईल.